घोडा चोवीसशेचा, चाल पंधराशेची

घरातले माळे आणि शाळांतल्या अडगळीच्या खोल्या यांचे दैव वर्षातून एकदाच, दिवाळीच्या तोंडावर उघडते. गेल्या वर्षी आमच्या नेरूळच्या शाळेतील अशी एक खोली आवरण्याचे काम माझ्या वाट्याला आले. फुटके फळे, पाय मोडलेली बाके, वाळवी लागलेले नकाशे, आणि या सर्वांच्या मागे भिंतीशी रांगेत उभे असलेले दहा संगणक. मूळचा पांढरा रंग पिवळा पडलेला, पाठीशी कोळ्यांनी संसार थाटलेला. भंगारवाला दारातच उभा होता. त्याच्या हवाली करण्यापूर्वी मी एका पेटीची बाजूची झडप काढली, बॅटरीच्या उजेडात आत पाहिले, आणि जे हवे होते ते चिमटीत धरून बाहेर काढले. हरभऱ्याच्या डाळीएवढे काळे टोपण. त्याच्या पोटात धातूची एक बारीक घडी. भंगारवाला म्हणाला, "मास्तर, सोनंबिनं हाय का त्यात?"

सोने नव्हते. परंतु अशा एवढ्याएवढ्याशा टोपणांनी आमची दहाही यंत्रे सबंध एक वर्ष पाऊण वेगाने चालवली होती, आणि एका मुलाला तितकेच दिवस संगणकाच्या खोलीबाहेर उभे केले होते. कारागीर या टोपणाला 'जम्पर' म्हणतात. त्याची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. ती सांगावयाची तर आधी माझी स्वतःची थोडी नाचक्की सांगणे भाग आहे.

गोष्ट २००३ सालची. मी तेव्हा पंचविशीच्या आतला, दहावीपर्यंत शिकलेला, चार कथा छापून आल्या एवढ्या भांडवलावर मराठीच्या तासांसाठी नेमला गेलेला. संगणक नसलेल्या शाळेत मूल घालणे म्हणजे त्याला आडरानात सोडणे, असे पालकांना वाटू लागलेला तो काळ. पालकांनीच वर्गणी काढली आणि दहा यंत्रे आली. शिक्षकांत वयाने लहान मी, म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडे. ज्याला दुसरे काही नेमून दिलेले नसते त्याला नवी वस्तू नेमून देतात, हा शाळांचा जुना रिवाज आहे.

दहावीत तुर्भ्याचा एक मुलगा होता. त्याचे मामा दुरुस्तीच्या दुकानात कामाला असल्यामुळे सुट्टीत त्याची ऊठबस तिथेच. पहिल्याच आठवड्यात तो मला म्हणाला, "सर, खोक्यावर चोवीसशे लिहिलंय. आणि हे चालू केलं की रोज पंधराशेच म्हणतंय."

मी पडद्याकडे पाहिले. यंत्र सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर सरकत, त्यांत खरोखरच १५०० हा आकडा होता. मला त्यातले काहीही कळत नव्हते. आणि ज्या शिक्षकाला कळत नाही तो जे बोलतो तेच मी बोललो. "तू आधी व्याकरणाकडे लक्ष दे."

पुढे काही दिवसांनी एका पेटीचा मागचा स्क्रू ढिला सापडला. मुख्याध्यापकांनी चौकशी केली, त्या मुलाचे नाव निघाले. तो एवढेच म्हणाला, "मी उघडलं नाही सर. उघडून बघू का, एवढं विचारणार होतो." हे विचारण्याची इच्छा हाच त्याचा गुन्हा ठरला, आणि वर्षभर त्याला खोलीत येण्याची बंदी झाली. खोलीचा प्रमुख मी होतो. त्याने पडद्यावरचा आकडा मला आधीच दाखवला होता, हे सांगायला एक वाक्य पुरले असते. ते मी बोललो नाही.

०

आता कुळकथेकडे वळू.

आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला लेझीम असते. ढोलावर टिपरी पडते आणि साठ मुले एकाच वेळी वाकतात, एकाच वेळी उठतात. ढोल संथ वाजला तर दंडात बळ असलेला मुलगाही संथच नाचणार. संगणकाच्या पोटातही असाच एक ढोल असतो. तो स्फटिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा असतो. क्वार्ट्झच्या तुकड्यावर दाब दिला की त्यातून वीज निर्माण होते, हे पिएर व झाक क्युरी या फ्रेंच बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. याच्या उलटही घडते. वीज दिली की तो तुकडा नियमाने थरथरतो. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. संगणकातल्या ठोक्यांची मोजदाद मेगाहर्ट्झमध्ये करतात, आणि एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख ठोके. प्रोसेसर हा बेरीज-वजाबाकी करणारा मेंदू. ज्या मोठ्या पाटीवर तो, स्मृतीच्या पट्ट्या आणि बाकी सारे बिऱ्हाड बसवलेले असते, तो मदरबोर्ड. ठोका मदरबोर्डवर उमटतो, आणि त्यावर प्रोसेसर चालतो.

आपल्या देशात हा ठोका प्रथम ज्या गावांत ऐकू आला त्यांत मुंबईचा मान मोठा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १९५६ साली एक नमुन्याचे यंत्र उभे केले, आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचे यंत्र चालू झाले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० डायोड आणि १२,५०० रोधक होते. खोलीभर पसरलेले ते धूड. आजच्या पोराच्या खिशातला फोन त्याला कुठल्या कुठे मागे टाकील. पण त्याची एक गोष्ट मला मोलाची वाटते. ज्यांनी ते बांधले तीच माणसे त्याच्या कुशीत उभी राहून काम करीत. यंत्र किती वेगाने चालते आहे आणि किती वेगाने चालायला हवे, हे त्यांना कोणी खोक्यावर लिहून द्यावे लागत नव्हते.

पुढे यंत्रे लहान झाली, स्वस्त झाली, आणि करणारा व वापरणारा यांच्यातले अंतर वाढत गेले. ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीने टेबलावर मावणारा आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. त्याचा प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झपर्यंत चालू शकत होता. कंपनीने तो चालवला ४.७७ वर. असा विचित्र आकडा का? कारण रंगीत दूरचित्रवाणी! अमेरिकेतील तेव्हाच्या दूरचित्रवाणी संचाला रंगांसाठी सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झची लहर लागे. वेगवेगळे स्फटिक बसवण्यापेक्षा कंपनीने १४.३१८ मेगाहर्ट्झचा एकच बसवला. त्याला चाराने भागले की रंगाची लहर मिळे. तिनाने भागले की प्रोसेसरचा ठोका. एकाच पातेल्यात दोन भाज्या शिजवण्यासारखे ते झाले. म्हणजे ज्या घराण्यातून आजचे बहुतेक घरगुती संगणक उतरले त्याचा मूळ पुरुषच अंगच्या ताकदीपेक्षा किंचित कमी चालीने चालत होता.

मग त्याच्या नकला निघाल्या, आणि त्या अधिक वेगाने धावू लागल्या. तेव्हा एक गमतीची अडचण आली. जुने काही खेळ व कार्यक्रम वेळेचे माप प्रोसेसरच्या ठोक्यांवरच धरीत. ठोका वाढताच खेळातली चित्रे अंगात आल्यासारखी पळू लागली. म्हणून पेटीच्या तोंडावर एक बटण आले. त्याचे नाव 'टर्बो'. नावावरून ते वेग वाढवणारे वाटावे. खरा उपयोग मात्र वेग कमी करण्याचा. ते एकदा उलटे दाबले गेले की घरचा संगणक महिनोन्‌महिने रेंगाळत चाले, आणि दोष यंत्राच्या माथी येई.

आपल्याकडे १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये नवे संगणक धोरण आले आणि सुटे भाग आणण्याची वाट सोपी झाली. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा रेडिओच्या सुट्या भागांचा जुना बाजार; तो पाहता पाहता संगणकाचा बाजार झाला. प्रोसेसर एका देशातला, मदरबोर्ड दुसऱ्या, पेटी तिसऱ्या. सर्वांची मोट बांधायची ती गल्लीतल्या टेबलावर. आणि इथेच आपले टोपण कथेत प्रवेश करते.

०

मदरबोर्ड करणाऱ्याला ठाऊक नसते की आपल्या पाटीवर पुढे कोणता प्रोसेसर बसणार आहे. पाहुणा कोण येणार हे माहीत नसलेली गृहिणी भाजीत तिखट बेतानेच घालते. तसाच तोही ठोका दुबळ्यातल्या दुबळ्या पाहुण्याला झेपेल असा ठेवतो, आणि शेजारी तीन पिना उभ्या करून देतो. टोपण पहिल्या दोन पिनांवर असेल तर अमुक ठोका, दुसऱ्या दोघींवर सरकवले तर तमुक. सोबतच्या पुस्तिकेत तक्ता छापलेला असतो. बांधणाऱ्याने तो वाचावा आणि टोपण योग्य जागी बसवावे, एवढीच अपेक्षा. टोपण म्हणजे एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसासाठी ठेवलेली चिठ्ठी. ती कोणी उघडलीच नाही तर यंत्र बिघडत नाही. हळू चालते, आणि त्यामुळेच कोणाला संशय येत नाही.

१९९२ पासून या हिशेबात एक गुणाकार शिरला. इंटेल कंपनीचा त्या वर्षीचा एक प्रोसेसर पाटीवरचा ठोका ३३ चा घेऊन पोटात मात्र ६६ ने चालू लागला. याचे मर्म नवी मुंबईकराला चटकन कळेल. सिडकोची स्थापना १९७० ची. वाशीच्या खाडीवरचा पहिला पूल १९७३ साली झाला; लोकल गाडी यायला मात्र १९९२ साल उजाडले. शहर आत कितीही धावो, मुंबईशी देवाणघेवाण व्हायची ती खाडीवरच्या पुलाला झेपेल त्याच चालीने. प्रोसेसर हे शहर आणि पाटीवरचा रस्ता हा पूल. शहराचा वेग पुलाच्या वेगाच्या अमुक पट, असे गणित ठरले.

१९९३ साली पेंटियम आला. त्याच्या घडणीत मोठा वाटा असलेले विनोद धाम हे पुण्यात जन्मलेले. पुढे ते प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीत गेले आणि तिथल्या के-सिक्स प्रोसेसरच्या कामातही त्यांचा हात होता.

गुणाकार आला तशी चलाखीही आली. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन या नावाचा ३०० मेगाहर्ट्झचा एक स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचे गणित ६६ गुणिले साडेचार. लोकांनी पाटीवरचा ठोका ६६ वरून १०० वर नेला. साडेचार पट म्हणजे ४५०! आणि तो बापडा बहुतेक ठिकाणी बिनतक्रार चालला. ज्यांच्या पाटीवर तशी सोय नव्हती त्यांनी प्रोसेसरच्या कडेची एक विशिष्ट पट्टी चिकटपट्टीने झाकून पाटीलाच चकवले. असल्या हौशी जगभर चालत असताना बाजारात लबाडीही चालली होती. कमी वेगाच्या प्रोसेसरवरचे अक्षर खरवडून जास्त वेगाचे लिहायचे आणि जादा दराने विकायचे. तेव्हा कंपन्यांनी गुणाकाराच्या आकड्याला कुलूप घातले. पाटीवरचा ठोका मात्र मोकळाच राहिला.

चाबूक ओढला की घोडा वाटेल तेवढा पळेल, असे मात्र नाही. ठोका वाढला की उष्णता वाढते. आणि त्या ठोक्याला पुरे पडावे म्हणून विजेचा दाब वाढवला, तर उष्णता त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दीडपट, तर उष्णता सव्वादोनपट. म्हणून दिलेल्या ताकदीपलीकडे रेटणे हा हौशीचा आणि जोखमीचा मामला. दिलेल्या ताकदीइतके चालू देणे हा मात्र साधा न्याय आहे. आमच्या शाळेत तोच होत नव्हता.

०

२००४ च्या मे महिन्यात एका यंत्राचा वीजपुरवठ्याचा डबा जळाला आणि एक वयस्क कारागीर आले. झडप काढता काढता मी सहज, जवळजवळ थट्टेने, पंधराशेची गोष्ट काढली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पाटीवर बोट फिरवले आणि म्हणाले, "मास्तर, ह्याला शंभरावर ठेवलाय. एकशे तेहतीसवर पाहिजे. कारखान्यातून आला तसाच कोणी तरी बसवून दिलाय." टोपण चिमट्याने उचलून त्यांनी एक पीन पलीकडे सरकवले. कळ दाबली. पडद्यावर आकडा आला २०००.

मुख्याध्यापक पाठीशी उभे होते. ते उसळले. "दोन हजार? खोक्यावर चोवीसशे आहे! अजून चारशे कुठे गेले?"

त्यावर कारागिरांनी जे सांगितले ते या कुळकथेतले सर्वांत मजेदार पान. या प्रोसेसरचे गणित १३३ गुणिले १५, म्हणजे दोन हजारच. चोवीसशे हा ठोक्यांचा आकडा नव्हताच. ते नाव होते. इंटेलचा त्या वेळचा पेंटियम-फोर ठोके फार घेई, पण एका ठोक्यात काम थोडे करी. एएमडीचा अ‍ॅथलॉन लांब टांग टाकणारा. कमी ठोक्यांत तेवढेच काम उरकी. गिऱ्हाईक तर केवळ ठोके मोजून पैसे देणार. तेव्हा एएमडीने २००१ पासून आपल्या या प्रोसेसरांना ठोक्यांऐवजी कामाच्या मापाची नावे दिली. दोन हजार ठोक्यांच्या घोड्याचे नाव पडले चोवीसशे, आणि पुढे अधिकचे चिन्ह. तोडीस तोड हा अर्थ ज्याने त्याने समजून घ्यायचा. मुलाचा खोक्याविषयीचा समज अपुरा होता. पण यंत्र कमी चालते आहे ही त्याची तक्रार सोळा आणे खरी होती. पंधरा गुणिले शंभर म्हणजे पंधराशे. वर्षभर पडदा रोज सकाळी तेच सांगत होता.

त्या दुपारी दहाही पेट्या उघडल्या. दहाही टोपणे पहिल्या दोन पिनांवर.

०

विशेष म्हणजे त्याच २००४ साली ठोक्यांच्या या शर्यतीचाच शेवट जवळ आला. मे महिन्यात इंटेलने एक नियोजित प्रोसेसर रद्द केला, ज्याचे कामापुरते नाव होते 'तेजस'; आणि ऑक्टोबरात ४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे ४,००० मेगाहर्ट्झच्या पेंटियम-फोरचाही नाद सोडला. उष्णतेने वाट अडवली होती. २००५ पासून घरगुती यंत्रांतही एका प्रोसेसरच्या पोटात दोन मेंदू आले, मग चार, मग आठ. एका गड्याला मारून मुटकून पळवण्यापेक्षा गडी वाढवावेत, हे शहाणपण आले. आजचे प्रोसेसर आपली उष्णता स्वतःच पाहून वेग वरखाली करतात. पिनांवरची टोपणे जाऊन त्यांची जागा 'बायोस' या पडद्यावरच्या तक्त्याने घेतली आहे.

पण मूळ स्वभाव गेलेला नाही. स्मृतीची पट्टी ३२०० ची म्हणून विकत घ्यावी, आणि पाटीने ती सावधगिरीने २१३३ किंवा २४०० वर चालवावी, हे अजूनही घडते. बायोसमधली 'एक्सएमपी' नावाची नोंद चालू करीपर्यंत पट्टी बिचारी आपले खरे बळ दाखवीत नाही. तसेच यंत्रातले घड्याळ रोज सकाळी जुनीच तारीख दाखवू लागले, तर पाटीवरचा रुपयाएवढा सेल संपला असे समजावे. त्याच्याबरोबर जतन केलेल्या नोंदीही पुसल्या जातात, आणि यंत्र पुन्हा दुबळ्या पाहुण्याच्या ताटावर येऊन बसते. ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांनी या दिवाळीच्या आवराआवरीत एकदा पडद्यावरचा आकडा आणि खरेदीची पावती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. काही बदलण्यापूर्वी जुने आकडे कागदावर उतरून घ्यावेत, आणि न समजणाऱ्या नोंदीला हात लावू नये. पण मुलाने विचारले तर त्याला पाहू द्यावे.

०

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. तो मुलगा पास होऊन शाळेतून गेला होता. एका रविवारी मी तुर्भ्याला त्याचे घर शोधीत गेलो. आई दारात होती. मास्तर आलेले पाहून ती घाबरलीच. पोराने आता काय केले, हाच पहिला प्रश्न तिच्या डोळ्यांत होता. मी म्हटले, "वहिनी, त्यानं काही केलं नव्हतं. तो बरोबर होता. चूक माझी झाली, तेवढं सांगायला आलोय." तिने चहा टाकला.

तो आतून आला. मी टोपणाची हकिकत सांगितली, त्याच्या आईसमोर पुन्हा एकदा माझी चूक कबूल केली. तो ऐकत उभा राहिला. माफीबद्दल तो काहीच बोलला नाही. त्याने विचारले, "सर, मग आता किती दाखवतंय?"

"दोन हजार."

क्षणभर त्याचे ओठ हलले. मनातल्या मनात तो काही तरी भागत होता.

"म्हणजे पंधरा गुणिले एकशे तेहतीस," तो म्हणाला. "आणि थोडे वर. ते एकशे तेहतीस आणि एक तृतीयांश असणार, सर."

ते तसेच होते. घरी येऊन मी कागदावर गुणाकार करून पाहिला.

भंगारवाल्याने गेल्या वर्षी दहाही पेट्या वजनावर नेल्या. टोपण तेवढे माझ्याकडे राहिले आहे. शाळेतल्या टेबलाच्या खणात, खडूंच्या डबीत ते ठेवले आहे. हल्ली एखादे मूल वर्गात उठून "सर, हे असं का?" असे विचारते आणि मला उत्तर येत नसते, तेव्हा मी खण थोडा उघडून पाहतो, आणि मग त्याला म्हणतो, "मला माहीत नाही. चल, बघू या."